मुशीचं तेल प्यायलेलं दार

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात आमच्या घराला 'विमानलुटे' म्हणतात. कोळीवाड्यात प्रत्येक घराला असं एखादं पाडलेलं नाव असतंच. कुणी 'तिरपे', कुणी 'उशिरे'. ती रेशनकार्डावर नसतात, पण लग्नाची आमंत्रणं त्याच नावांनी फिरतात. इतरांची नावं हसण्यावारी जातात. आमचं जात नसे, कारण त्यात चोरीचा आरोप होता आणि तो माझ्या आजोबांवर होता.

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून जन्म काढला, निवृत्त झाले, तरी नाकावरचा राग काही उतरला नाही. त्यामुळे पुढे कुठे आवाज चढला तर समजून घ्या.

आरोप असा. महायुद्धाच्या काळात एक लष्करी विमान आमच्या खाडीच्या तोंडाशी चिखलात येऊन पडलं. आत दोन गोरे वैमानिक. ओहोटी संपत आलेली. सगळ्यांत जवळ होती ती आजोबांची होडी, आणि होडीत आठ-नऊ वर्षांचे माझे बाबा. गावातले बाकीचे पोचेपर्यंत दोघेही वैमानिक आजोबांच्या होडीत होते, पण त्यातला एकच जिवंत होता. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे लष्कराची माणसं आली आणि विमानाचं जे काही उरलं होतं ते उचलून घेऊन गेली. राहिलं फक्त एक दार, आणि ते आमच्या घरी होतं. झालं, गावानं कथा रचली. आत माणूस मरत होता आणि हा कोयत्यानं दार तोडत बसला, घरी न्यायला. तेवढ्या वेळात एकाचा जीव गेला.

आमच्या घरातली हकीकत वेगळी. दार चार दिवसांनी लाटेनं पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, आणून टाकलं आणि आजोबांनी ते उचललं. समुद्रानं आणून टाकलेलं लाकूड ज्याला सापडेल त्याचं, ही आमच्या किनाऱ्याची रीतच आहे. आजही कुणी त्यात चूक मानत नाही. फळी वाहून आली, पिंप वाहून आलं, की जो आधी हात लावेल तो घरी नेतो. आजोबांनी तेच केलं. पण गोऱ्यांच्या विमानाचं दार म्हणजे साधी फळी नव्हे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. लपवून ठेवलं असतं तर एक वेळ कुणाला कळलंही नसतं. त्यांनी ते उजळ माथ्यानं होडीवर बसवलं.

बाबांनी तो प्रसंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. विषय निघाला की ते एकच सांगायचे, "तोडलं न्हाय. आतून सुटलं. मी बघितलंय." त्यापुढे त्यांना कुणी बोलूच द्यायचं नाही. समोरचा हसायचा, नाहीतर म्हणायचा, तू केवढासा होतास, तुला काय कळतंय. मग भांडण पेटायचं. ऐंशी वर्षं बाबा त्या एका वाक्यावर अडून राहिले.

आणि खरं सांगू? मलाही ते पटत नसे. बाप कसाही असला तरी मुलगा त्याची बाजू घेणारच, असं मी मनात धरून चालले होते. अलिबागला नोकरीला लागल्यावर सहकारी बाईंनी विचारलं होतं, कोळीवाड्यात ते विमानवालं घर कुठलं हो? मी म्हटलं, मला नाही माहीत. तोंड वर करून म्हटलं. त्याची आजही लाज वाटते.

आता त्या दाराविषयी. रुंदीला दीड हात, उंचीला त्याहून थोडं जास्त, आणि पोटाकडे बाकदार. आजोबांनी ते होडीतल्या मासळीच्या खणावर झाकण म्हणून बसवलं. दर वर्षी हंगामाच्या आधी होडीला मुशीचं तेल चोळायचं, तसं त्यालाही चोळायचं. मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क मासा. त्याच्या काळजाचं तेल काढून लाकडाला पाजायची आमच्याकडची जुनी पद्धत. वास असा, की नव्यानं लग्न होऊन आलेली सून दोन दिवस जेवायची नाही. आजोबांची होडी मोडीत निघाली तेव्हा दार आमच्या परसात आलं. आई त्यावर मासळी कापायची, वर सोडे, म्हणजे सोललेली कोळंबी, वाळत घालायची. आई गेली तरी बाबांचं तेल चोळणं सुटलं नाही. पुढे मुशीचं तेल मिळेनासं झालं, तर थळच्या एका ओळखीच्या म्हातारीकडून बाटली मागवायचे. मी म्हणायचे, बाबा, आता त्या फळीला तेल कशाला? ते ऐकलं न ऐकलं करायचे.

गेल्या हिवाळ्यात मी त्या दारावर सोडे वाळत घातले आणि नेहमीप्रमाणे फोटो काढून आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. मैत्रिणी दर वर्षी माझ्याकडून सोडे नेतात, म्हणून. संध्याकाळी पुण्याहून एका अनोळखी गृहस्थांचा फोन. गटातल्या एका बाईंचे ते दीर. हवाई दलात इंजिनिअर होते, निवृत्त झाल्यावर जुनी विमानं दुरुस्त करून एका संग्रहालयासाठी उभी करण्याच्या नादाला लागलेले. मला वाटलं, सोड्यांचा भाव विचारतायत.

"बाई, ते सोडे कशावर घातलेत?" त्यांनी विचारलं.

"फळीवर."

"ती फळी नाही हो. तिला पाणी लावू नका, ऊन लागू देऊ नका, मी परवा येतोय."

मी मुळात हट्टी. शिवाय पुण्याचा माणूस घरी येणार आणि परसात हा वास म्हटल्यावर मला राहवेना. दुसऱ्या दिवशी बाबा झोपलेले बघून मी एक कोपरा साबणाच्या पाण्यानं घासायला घेतला. चार हात मारले असतील, तर पाणी राखाडी-हिरवं व्हायला लागलं. तेलाच्या काळ्या थराखालून रंग सुटत होता. घराला लावतो तसला तो रंग नव्हता. ब्रश तिथेच टाकला आणि कोपरा पदरानं टिपून काढला.

इंजिनिअर आले ते एकटेच, खांद्याला पिशवी अडकवून. साठी-पासष्टीचे, मितभाषी. घासलेला कोपरा बघून माझ्याकडे असे पाहू लागले, की मी आयुष्यात पहिल्यांदा पाचवीच्या वर्गातल्या मुलासारखी मान खाली घातली. मग ते दारापाशी मांडी घालून बसले. खिशातलं भिंग काढलं, कडा बघितल्या, बोटानं वाजवून बघितलं. बाबा खुर्चीत बसून सगळं न्याहाळत होते.

त्यांनी सांगितलं ते असं. युद्धात धातूची चणचण होती म्हणून काही विमानं चक्क लाकडाची बांधली. दोन बाजूंना पातळ प्लायवुड आणि मध्ये काड्यापेटीतल्या काडीहून हलकं लाकूड, सगळं सरसानं चिकटवलेलं. आपल्या दमट हवेत तो सरस सुटायचा. जी विमानं वाचली त्यांना पाण्यानं आणि वाळवीनं खाल्लं. त्यामुळे अशा विमानाचा अस्सल लाकडी भाग आज मिळणं फार दुर्मिळ. ते ज्या विमानाची जुळवाजुळव करत होते त्याचं हे दार तर त्यांनी नुसतं आराखड्यातच पाहिलं होतं. "समुद्राकाठी, मासळीच्या खणावर, इतकी वर्षं," ते बाबांकडे बघून म्हणाले, "हे टिकायलाच नको होतं. तेलानं पाणी आत शिरू दिलं नाही. नकळत तुम्ही केवढं मोठं काम केलंत, आजोबा."

बाबांना ते लागलं. "नकळत कसं? लाकूड हाय, ते तेल मागतं. आमी कळून लावलं."

इंजिनिअर हसले आणि म्हणाले, "चुकलो. कळून लावलंत." माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! आजोबांची, बाबांची ती वेडगळ वाटणारी सवय, जिच्यावरून मी त्यांना टाकून बोलत आले, तिच्यामुळे आमच्या परसात अशी वस्तू उभी होती जी मोठमोठ्या संग्रहालयांकडे नाही.

पण बाबांना त्या कौतुकाशी देणंघेणं नव्हतं. ते वाट बघत होते वेगळ्याच गोष्टीची. खुर्चीतून पुढे झुकून त्यांनी विचारलं, "सायेब, दार तोडलंय का सुटलंय, तेवढं सांगा."

गावच्या आरोपाविषयी मी इंजिनिअरना आधी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी दार उलटं केलं, आतली बाजू वर आली. कडेला एका ओळीत खोल चरे. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि अगदी सहज म्हणाले, "इथे कोयता किंवा कुऱ्हाड चालवलेली दिसते. जबरदस्तीनं उघडलंय."

बाबा खुर्चीच्या हातावर भार देऊन उठले आणि आत गेले. नव्वदी ओलांडलेला माणूस, पण पाठ कधी वाकलेली नव्हती. ती मी तेव्हा वाकलेली पाहिली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तकं वाचलेला माणूस असला म्हणून काय झालं, मासळी कापलेला माणूस नाही ना तो! ते चरे मी लहानपणापासून बघत आले होते. मी स्वयंपाकघरातून कोयता आणला आणि त्या सकाळी घेतलेली सुरमई आणली. अंगणात सरपणाची एक जुनी फळी होती ती त्यांच्यासमोर टाकली.

"बघा," मी म्हटलं, आणि तुकड्या पाडायला सुरुवात केली. आठ घावांत मासा संपला. मासा बाजूला केला. फळीवर आठ चरे, एकेका तुकडीच्या अंतरावर, कोयत्याचं टोक टेकतं तिथे जास्त खोल.

"आता तुमचे चरे बघा. अंतर तेच. आणि हे आतल्या बाजूला आहेत. बाहेर चिखलात उभा राहून दार तोडणारा माणूस आतल्या बाजूला घाव कसे घालेल?"

ते दोन्ही चऱ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग म्हणाले, "पण तुमचे उजवीकडे कललेत. हे डावीकडे."

"कारण माझी आई डावरी होती," मी म्हटलं. आईला जाऊन वीस वर्षं झाली. तिच्या हाताची खूण अशी समोर पडली असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

इंजिनिअरनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाई, मी घाई केली. त्यांना बाहेर बोलवा. खरं काय ते बिजागरीच सांगेल."

मी बाबांना हाताला धरून बाहेर आणलं. इंजिनिअरनी पिशवीतून कापूस आणि कसलंसं द्रव काढलं आणि दाराच्या कडेची दोन काळी ढेकळं साफ करायला बसले. तेलाचा थर उतरायला बराच वेळ गेला. आतून दोन बिजागऱ्या निघाल्या. प्रत्येकीला कान, कानाला गोल भोक. भोकं अगदी जशीच्या तशी गोल, कुठे ताणलेली नाहीत की फाटलेली नाहीत, भोवतालचं लाकूड जराही उपटलेलं नाही. खीळ तेवढी दोन्हींतली गेलेली.

मग त्यांनी आराखड्याचा कागद उलगडला आणि बाबांच्या मांडीवर ठेवला. "आजोबा, हे दार तोडलं असतं तर हे कान फाटले असते. या खिळी आतल्या एका दांडीला जोडलेल्या असतात. संकटात आतल्या माणसानं ती दांडी ओढली की दोन्ही खिळी निघतात आणि दार मोकळं होतं. बाहेरून या खिळी काढताच येत नाहीत."

"म्हंजे आतून," बाबा म्हणाले.

"आतून. तुम्ही म्हणता तसंच."

बाबांनी आपलं वाकडं झालेलं बोट त्या भोकात घातलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "बाबा, माझाही विश्वास नव्हता." त्यांनी माझ्या डोक्यावर दुसरा हात ठेवला. "मना ठावं हाय, बाय," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दार आता आमच्याकडे नाही. बाबांनी आपणहून ते संग्रहालयाला दिलं. मोबदल्याचा विषय निघाला तर अंगावर धावून गेले. तिथे दाराशेजारी मराठीत पाटी आहे, रेवदंड्याच्या एका कोळी कुटुंबानं मुशीचं तेल लावून हे दार जपलं, अशी. ती पाटी मी बघायला गेले तेव्हा तिथल्या पहारेकऱ्याला, त्यानं विचारलं नसताना, सांगितलं, हे आमच्या घरचं. येणाऱ्या-जाणाऱ्या आणखी चार जणांनाही सांगितलं.

पण दार गाव सोडून जायच्या आधी बाबांनी एक अट घातली होती. "सायेब, मना जे बोललात ते धक्क्यावर येऊन बोला. आन् दार बी घ्या."

धक्क्यावर सकाळच्या वेळी म्हातारे जाळी सांधत बसतात. त्यात आमचे एक शेजारी असतात, बाबांहून दोनच वर्षांनी लहान. दोघं एका होडीवर वाढलेले, पण बोलणं तुटलेलं. मागच्याच वर्षी मासळी वाळवायच्या जागेवरून वाद झाला तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर बाबांना म्हटलं होतं, "तुमच्या घराला दुसऱ्याचं उचलायची सवयच हाय." त्या दिवसापासून बाबांनी धक्क्यावर पाय ठेवला नव्हता.

आम्ही निघालो. मी आणि इंजिनिअरनी दोन्ही बाजूंनी दार धरलं. बाबा काठी टेकत पुढे, धुवट सदरा घालून. वाड्यातल्या बायका ओट्यांवर आल्या. एकीनं विचारलं, काय गं, दार विकायला काढलं काय? मी म्हटलं, चल धक्क्यावर, कळेल. पाच-सहा जणी खरंच मागून आल्या.

धक्क्यावर इंजिनिअरनी सगळं पुन्हा सांगितलं. बिजागरी दाखवली, कागद दाखवला, चरे दाखवून माझ्या आईचंही सांगितलं. म्हातारे जाळी मांडीवर घेऊन ऐकत होते. आमचे ते शेजारी सगळ्यात मागे होते. ते उठून आले, दोन्ही भोकांत बोट घालून बघितलं, आराखडा उलटा धरून बघितला, मग सुलटा. मला वाटलं, आता काहीतरी फाटा फोडणार. मी जीभ परजून तयारच होते.

ते बाबांच्या शेजारी खाली बसले. "दादा," ते म्हणाले, "माझ्या बानं सांगितलं तेच मी बोलत आलो. मी काय तिथं नव्हतो." मग त्यांनी विचारलं, "दार सुटलं. मग पुढं काय झालं?"

बाबांनी काठी बाजूला ठेवली. माझ्या लक्षात आलं, हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. गावानं नाही, आईनं नाही, मीसुद्धा नाही. आम्ही सगळे जन्मभर दारावरून भांडत राहिलो, आणि त्यापुढचं मलाही ठाऊक नव्हतं.

"दार सुटलं तसं पानी आत शिरलं," बाबा सांगू लागले. "भरती लागली होती. एक हालत होता, त्याला बानं खांद्यावर घेतला, होडीत आणला, त्याचं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, धरून ठेव, सोडू नको. आन् परत निघाला. मी रडाय लागलो. म्हटलं, दुसरा मेलाय, पानी चढतंय, नको जाऊ. बा म्हणाला, मेला म्हणून काय झालं, त्याच्या बी घरी कोणतरी वाट बघत असंल. गळ्यापर्यंत पान्यातून त्याला घेऊन आला."

कुणाच्याही हातातली सुई हलत नव्हती. शेजाऱ्यांनी हळू आवाजात विचारलं, "आन् दार? दार कुठं होतं तेव्हा?"

"मना काय ठावं," बाबा म्हणाले. "बाच्या हातात माणसं होती. दाराकडं कोण बघतो?"